इम्प्लांट बसवलेला माणूस एसटीत बसला तर कोणाचं काय बिघडतं?

राजेहो, पोस्ट मोठी आहे आणि विषय अवघड आहे. या पोस्टला लाईक येणार नाहीत हे मला माहीत आहे, कारण लाईक केलं की साळा विचारतो, "भाऊजी, तुमाले काहून आवडली ही पोस्ट?" लाईक नका करू. पण वाचा. रात्री एकटे असताना वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

विषय असा. पुरुषाचं लिंग ताठ होणं बंद झालं आणि गोळ्या-इंजेक्शन कशाचाच उपयोग होईना, तर आत इम्प्लांट बसवण्याचं ऑपरेशन असतं. आपल्याकडचेही लोक मोठ्या शहरात जाऊन ते करून येतात. करून येतात, बरे होतात, आणि मग घर धरून बसतात. भाचीच्या लग्नाला जात नाहीत, पंढरपूरला जात नाहीत, पोराला भेटायला पुण्याला जात नाहीत. डॉक्टरनं "आता खुशाल फिरा" म्हटलेलं असतं तरी जात नाहीत. भीती काय, तर बसच्या धक्क्यानं आतलं मोडेल, विमानतळावर घंटा वाजेल, पँटवरून कोणाला दिसेल. आणि सगळ्यात मोठी भीती ही की शेजारच्या सीटवरच्यानं विचारलं, "कायचं ऑपरेशन झालं गा भाऊ?" तर सांगायचं काय?

माझं म्हणणं सरळ आहे. बरा झालेला हा माणूस कुठंही जाऊ शकतो. त्याला घरात बसवून ठेवते ती आपली, गावाची लाज. आणि ही लाज त्याच्या जिवावरही बेतू शकते. कशी, ते सांगतो.

आधी हे ऑपरेशन काय आहे ते समजून घ्या, कारण पानटपरीवर याच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं खोटं असतं. इम्प्लांट मुख्यतः दोन प्रकारचं. एक वाकवता येणारं : लिंगाच्या आत दोन लवचिक दांड्या बसवतात, हवं तेव्हा वर करायच्या, नको तेव्हा खाली वाकवून ठेवायच्या. दुसरं फुगवता येणारं : आत दोन नळ्या, वृषणाच्या पिशवीत एक छोटा पंप आणि बहुतेक वेळा पोटाच्या खालच्या भागात पाण्याची एक छोटी पिशवी. पंप दाबला की पाणी नळ्यांत येतं, काम झालं की परत जातं. बाहेरून काही लटकत नाही, वायर नाही, बॅटरी नाही. हे काही काल-परवाचं फॅडही नाही. फुगवता येणारं इम्प्लांट अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली जगापुढं मांडलं. पन्नास वर्षं उलटून गेली. आपल्याकडे मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांच्या नावाचं भारतीय बनावटीचं, वाकवता येणारं इम्प्लांट आहे. विदेशी फुगवता येणारं लाखांत जातं, भारतीय त्या मानानं बरंच स्वस्त.

हेही स्पष्ट सांगतो की हे ऑपरेशन पहिला उपाय नव्हे. आधी तपासण्या, मग गोळ्या, मग व्हॅक्यूम पंप किंवा इंजेक्शन, आणि हे सगळं हुकलं तर इम्प्लांट. एकदा बसवलं की आधीची नैसर्गिक ताठरता परत येत नाही, म्हणून निर्णय विचार करूनच घ्यायचा. आणि इम्प्लांटनं मूल होतं किंवा होत नाही असंही काही नाही, तो विषयच वेगळा. मी डॉक्टर नाही. माझ्या पोस्टमध्ये आणि तुमच्या डॉक्टरच्या सांगण्यात फरक पडला तर डॉक्टरचं ऐका.

आता ही वेळ येते कोणावर? टपरीवर लगेच उत्तर येईल, "बुढ्याले चाळे सुचले." राजेहो, तसं नाही. सगळ्यात मोठं कारण आहे शुगर. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीनं २०२३ साली सांगितलं की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की बारीक नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यांच्या होतात, पायांच्या होतात, तशाच तिथल्याही होतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की आपण केळी घेऊन भेटायला जातो. दुसरं कारण प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन. तिसरं अपघात : कंबरेचं हाड मोडलं, मणक्याला मार लागला. दुचाकीवरून रोज ये-जा करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि चौथं कारण आपल्या विदर्भाच्या फार जवळचं आहे, सिकलसेल. सिकलसेलच्या पोरांमध्ये कधीकधी लिंग आपोआप ताठ होतं आणि तासन् तास उतरत नाही, दुखतं. चार तासांच्या वर असं राहिलं तर ती इमर्जन्सी आहे, तडक दवाखाना गाठायचा. पोरगं लाजेनं आईला सांगत नाही, बापाला सांगत नाही, चादर पांघरून पडून राहतं. दिवस उलटला की आतलं मांस कायमचं खराब होऊ शकतं, आणि मग ऐन विशीत त्या पोरावर इम्प्लांटची पाळी येते. सांगा आता, या पोराला कोणते चाळे सुचले होते? त्याला वेळेवर गाडीत घालून दवाखान्यात नेलं असतं तर पुढचं ऑपरेशनच टळलं असतं. तो पहिला प्रवास लाजेनं अडवला.

लाज पुढं काय करते ते पाहा. मागं एका गृहस्थानं मला आपली हकिगत सांगितली. नाव, गाव, तालुका काही सांगणार नाही. शुगरवाले, पन्नाशीच्या पुढचे. दूरच्या शहरात इम्प्लांटचं ऑपरेशन करून आले. घरी एकट्या बायकोला माहीत, बाकी सगळ्यांना "हर्निया" सांगितलेलं. दहाव्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, चला बाजार समितीत, हर्नियावाले तं आठ दिवसात हिंडते-फिरते होते." नाही कसं म्हणणार? मोटारसायकलवर मागं बसून खड्ड्यांच्या रस्त्यानं गेले आणि आले. रात्री सूज वाढली, दुसऱ्या दिवशी ताप. डॉक्टरला फोन करायचा सोडून मेडिकलवरून गोळ्या आणून चार दिवस खाल्ल्या, कारण गावातल्या डॉक्टरपुढं पायजमा सोडायची लाज. शेवटी बायकोनं गाडी बोलावली आणि जबरदस्तीनं त्याच शहरात परत नेलं म्हणून निभावलं. इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा ते काढूनच टाकावं लागतं. पैसा गेला, त्रास गेला, वर शुगरवाल्याच्या जिवाला धोका. आणि हे सगळं काहून? तर "हर्निया" हा शब्द चारचौघांत चालतो आणि दुसरा शब्द चालत नाही म्हणून.

तर ज्यांना गरज आहे त्यांनी हे नीट वाचा, ज्यांना नाही त्यांनी ज्याला गरज आहे त्याला गुपचूप फॉरवर्ड करा. प्रवासाचे दोन टप्पे असतात, त्यांची गल्लत करू नका.

पहिला टप्पा ऑपरेशनपासून साधारण ४ ते ६ आठवडे. या काळात दुचाकी नाही, सायकल नाही, ट्रॅक्टर नाही. सोयाबीनचं पोतं उचलायचं नाही, पाण्याची कॅनही नाही. दवाखान्यातून घरी येताना एसटीच्या मागच्या सीटवर आदळत येऊ नका, जमलं तर गाडी करा, नाही जमलं तर पुढच्या भागात सीट धरा. लांबचा रस्ता असेल तर दर तास-दीड तासानं उतरून चार पावलं चाला, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पाणी प्या. शुगर सांभाळा, कारण जखम भरणं तिच्यावर आहे. ताप, वाढती लाली, पू, वाढणारी सूज, नव्यानं सुरू झालेलं दुखणं यांपैकी काही दिसलं तर ज्यानं ऑपरेशन केलं त्याला त्याच दिवशी फोन. मेडिकलवरच्या पोराला विचारू नका. आणि तपासणीच्या फेऱ्या चुकवू नका. फुगवता येणारं इम्प्लांट असेल तर ते वापरायचं कसं हे डॉक्टर बहुतेक काही आठवड्यांनंतरच्या फेरीत हाताला धरून शिकवतात. "झालं ऑपरेशन, आता कशाले भाडं घालवा" म्हणून ती फेरी चुकवणाऱ्यानं लाखाची वस्तू घेऊन ती चालवायची कशी हे शिकायचंच सोडलं असं समजा.

दुसरा टप्पा डॉक्टरनं "आता मोकळे" म्हटल्यानंतरचा. इथून पुढं घरात बसायचं काही कारण उरत नाही. एसटीनं जा, अकोला-पूर्णा लाईनच्या गाडीनं जा, समृद्धीवरून नागपूरला जा, विमानानं जा, पोहरादेवीच्या यात्रेला जा, कारंज्याला गुरुमंदिरात जा. बसच्या धक्क्यानं इम्प्लांट मोडत नाही, ते शरीरातच बसवण्यासाठी बनवलेलं आहे. लघवी नेहमीसारखीच होते. वाकवता येणारं इम्प्लांट असेल तर खाली वाकवून नीट अंगाला बसणारी चड्डी घातली की पँटवरून कोणाला काही कळत नाही, आणि खरं सांगू का, भरलेल्या एसटीत जो तो आपलं पाकीट सांभाळत असतो, तुमच्याकडे पाहायला फुरसत कोणाला?

विमानतळाची भीती फार जणांना असते. काही इम्प्लांटमध्ये धातू असतो, काहींत नसल्यासारखाच. समजा यंत्र वाजलंच, तर जवानाला एवढंच सांगायचं, "ऑपरेशन झालंय, शरीरात इम्प्लांट आहे." गुडघ्यात स्टील असलेली आपली आत्याही हेच सांगते. कुठं आहे ते मोठ्यानं सांगायची गरज नाही. बाजूला घेऊन तपासा म्हणता येतं. दवाखान्यातून इम्प्लांटचं कार्ड मिळतं ते मागून घ्या, पाकिटात ठेवा, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. एमआरआय काढायची वेळ आली तर आधी ते कार्ड दाखवा.

आता या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रवासात तुमच्यासोबत असलेल्या निदान एका माणसाला हे माहीत पाहिजे. बायको, भाऊ, पोरगा, जिवाचा मित्र, कोणीही एक. उद्या रस्त्यात अपघात झाला, तुम्ही बेशुद्ध आहात, अनोळखी दवाखान्यात नेलं. तिथं पहिल्या तासातच लघवीची नळी घालायची वेळ येऊ शकते. आत इम्प्लांट आहे हे तिथल्या डॉक्टरला आधी कळलं तर तो जपून हात लावेल, योग्य माणसाला बोलावेल. आणि सोबतच्या माणसालाच माहीत नसेल तर तो काय सांगणार? "हर्निया झालता मागं." म्हणून म्हणतो, ही लाज नुसती मनाला टोचणारी गोष्ट राहत नाही, ती तुमच्या केसपेपरवर चुकीची माहिती लिहून ठेवते.

इथं कोणी म्हणेल, "भाऊ, हे खासगी आहे, चारचौघात कशाला आणता?" म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुमचं ऑपरेशन कोणतं हे कोणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. गावाला न सांगणं हा तुमचा हक्क. पण डॉक्टरला, बायकोला, सोबत्यालाही सांगायची छाती होऊ नये, तापानं फणफणत घरात पडून राहावं, हा कोणता हक्क? आपला सांगायचा अधिकार आपल्या हातात असणं वेगळं आणि लोकांच्या हसण्याला भिऊन तोंड शिवून घेणं वेगळं. पहिल्याला मी हात जोडतो. दुसऱ्याविरुद्ध ही पोस्ट आहे.

आणि मराठीत या विषयावर बोलायची वाट काही मी आज काढत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक लैंगिक आयुष्यातले प्रश्न विचारायचे, कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली तो खटला कर्व्यांच्या बाजूनं लढले कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक कर्व्यांनी मरेपर्यंत चालवलं. बाबासाहेबांचा फोटो घरोघरी असलेल्या या जिल्ह्यात, ज्या गोष्टीसाठी ते कोर्टात उभे राहिले ती गोष्ट बोलायची आपल्याला ९० वर्षांनंतरही लाज वाटते, याला काय म्हणायचं?

अलीकडचं उदाहरण पाहिजे? बीड जिल्ह्यातले पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे. त्यांचा विषय इम्प्लांटचा नव्हता, लिंगबदल शस्त्रक्रियेचा होता, तेव्हा दोन्ही एकच असं कोणी समजू नये. पण शरीराच्या त्याच भागाच्या ऑपरेशनसाठी एका साध्या नोकरदार माणसानं २०१७ साली खात्याकडे उघडपणे रजा मागितली. खात्यानं नकार दिला. ते मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सरकारी सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. माजलगाव तालुक्यातल्या खेड्यातला माणूस मुंबईच्या वाऱ्या करत राहिला, टप्प्याटप्प्यानं उपचार घेतले, ड्युटीवर परत गेला, लग्नही केलं. सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. आभाळ कोसळलं का? तर नाही. उलट सरकारी दवाखान्यात ते ऑपरेशन झालं, कारण मागणारा नाव घेऊन मागत होता. तोंड लपवून मागणाऱ्याला सरकार कधी काही देत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला तरी सांगायला नको.

आपण गप्प बसल्यानं रिकामी झालेली जागा कोणी भरली ते बसस्टँडच्या मुतारीत जाऊन बघा. भिंती भरलेल्या आहेत. "मर्दानगी", "गुप्तरोग", "सात दिवसात फरक", "पैसे परत", खाली मोबाईल नंबर. या एका विषयावर जाहीरपणे बोलणारा आपल्याकडे एकच वर्ग आहे, भोंदू. दहा-वीस हजाराचे कोर्स विकतात, पुडीत काय असतं ते देवाला माहीत, आणि गेलेला माणूस पोलिसात तक्रार करत नाही याची त्यांना पक्की खात्री असते. त्यांचा धंदाच तुमच्या लाजेवर चालतो.

आणि कायदा नाही असं नाही. औषधे आणि जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा १९५४ सालचा आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला त्यात सरळ बंदी आहे, आणि ज्या ५४ आजारांची यादी जोडलेली आहे तीत नपुंसकत्वही आहे आणि मधुमेहही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर एक वर्षापर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. वर सार्वजनिक भिंत खराब करण्याविरुद्धचा राज्याचा १९९५ चा कायदा वेगळाच. नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, पत्ता लिहिलेला आहे, आरोपी स्वतः फोन उचलून "या साहेब" म्हणतो. याहून सोपा तपास कोणत्या गुन्ह्याचा असतो? आणि हो, जे पेपर याच जाहिराती शेवटच्या पानावर छापतात आणि पहिल्या पानावर अंधश्रद्धेविरुद्ध अग्रलेख लिहितात, त्यांनाही हाच कायदा लागू आहे. व्यवसायबंधूंनी राग मानू नये, कायदा वाचावा.

या भोंदूंचं आणखी एक पाप आहे. लिंगाला ताठरता न येणं ही पुष्कळदा हृदयविकाराची आधी आलेली खूण असते. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात, हृदयाच्या नंतर. ज्या माणसाचा त्या वेळी बीपी, शुगर, ईसीजी व्हायला पाहिजे होता तो सहा महिने पुड्या खात बसतो आणि एक दिवस शेतात छातीला हात लावून पडतो. मग आपण म्हणतो, "काल तं चांगला होता बाप्पा!" कालही चांगला नव्हता. सांगायला जागा नव्हती.

दुसरा आक्षेप मला ठाऊक आहे. "इथं सोयाबीनला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही हे चैनीचं ऑपरेशन घेऊन बसले." चैन म्हणजे काय ते त्या बाईला विचारा, जिच्या नवऱ्यानं दहा वर्षं तिच्याकडे पाठ करून झोपायचं कारण कधी सांगितलं नाही. तिला वाटत राहिलं, माझ्यातच काही कमी आहे. सासू म्हणत राहिली, हिच्यातच खोट आहे. नवरा दारूला लागला. इम्प्लांट हा त्या घरावरचा एकमेव उपाय आहे असं मी म्हणत नाही. पुष्कळ घरी गोळीनं भागलं असतं, काही घरी नुसत्या बोलण्यानं. पण बोलायलाच बंदी असेल तर गोळीपर्यंतही कोण पोचणार? गुडघा बदलला तर ती गरज आणि हे केलं तर चैन, ही वाटणी कोणी केली? आणि ऑपरेशननंतरचा प्रवासही बहुतेक वेळा तीच बाई सोबत करते. पिशवीत औषधं, डब्यात भाकरी, आणि तोंडावर "हर्निया".

आता नुसती टीका करून थांबत नाही. मागण्या लिहून ठेवतो. आमदार-खासदारांच्या पोरांना ही पोस्ट टॅग करायला माझी हरकत नाही.

एक. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं ऑनलाईन उद्घाटन केलं, त्यात वाशिमचं कॉलेज आहे. फटाके फुटले, बॅनर लागले, चांगलं झालं. आता त्या कॉलेजच्या दवाखान्यात ठरलेल्या वारी मूत्ररोगतज्ज्ञाची पुरुषांसाठी ओपीडी पाहिजे, दारावर पडदा पाहिजे आणि केसपेपर काढताना "काय होते?" असं रांगेत मोठ्यानं विचारणं बंद पाहिजे.

दोन. तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपीची सरकारी तपासणी होते. त्या फॉर्ममध्ये पुरुषांसाठी या त्रासाचा एक प्रश्न घाला आणि तो विचारायला पुरुष कर्मचारी द्या. आशाताईंवर तेही ढकलू नका.

तीन. ऑपरेशननंतरच्या प्रत्येक फेरीसाठी माणसानं मुंबई-नागपूर करायची गरज नसते. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाईन तपासणीची सोय आहे. जखम इथं तपासा, मोठ्या डॉक्टरशी इथून बोलणं करून द्या. शिकवायची फेरी तेवढी तिथं होऊ द्या.

चार. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही ठिकाणच्या बसस्टँडवर स्वच्छ, कडी लागणारं, कमोड असलेलं एक तरी स्वच्छतागृह द्या. हे फक्त इम्प्लांटवाल्यांसाठी मागत नाही. प्रोस्टेटवाला म्हातारा, शुगरवाला, गुडघेवाली आजी, बाळंतीण, सगळे त्यासाठी प्रवास टाळतात. आकांक्षित जिल्हा म्हणून दिल्लीच्या यादीत नाव आहे आपलं, माणसाला बसस्टँडवर नीट लघवी करता यावी ही आकांक्षा तरी पुरी करा.

पाच. त्याच बसस्टँडच्या भिंतीवरचे नंबर उतरवून घ्या आणि १९५४ च्या कायद्याखाली गुन्हे दाखल करा. अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस, दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवू नये.

सरकारला सांगून झालं, आता आपल्याला. टपरीवर या विषयाचा जोक झाला की आपण सगळे हसतो. त्या घोळक्यात असा एक जण नक्की असतो जो सगळ्यांत मोठ्यानं हसतो आणि घरी जाऊन गप्प बसतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली होती, १९९४ साली छापली गेली. अर्ध्याहून जास्त पुरुषांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास निघाला. आपण काही वेगळ्या मातीचे नाही. टपरीवर सहा जण उभे असाल तर हिशोब करा. पुढच्या वेळी तो जोक झाला तर हसू नका, एवढंच करा. भाषण द्यायची गरज नाही.

आणि ज्याचं ऑपरेशन झालं आहे आणि जो हे वाचतो आहे त्याला : दादा, डॉक्टरनं मोकळं केलं असेल तर तिकीट काढा. भाचीच्या लग्नाला जा, वारीला जा, पोराकडे जा. कार्ड पाकिटात ठेवा, एका माणसाला सांगून ठेवा, शुगरच्या गोळ्या विसरू नका. कोणी विचारलं "कायचं ऑपरेशन?" तर सांगा, "झालं एक, आता बरा आहे." तेवढं उत्तर पुरतं. खोदून विचारणाऱ्याला खिडकीबाहेरचं सोयाबीन दाखवा.

कमेंटमध्ये कोणाचं नाव, गाव, नातं लिहू नका, लिहिलं तर डिलीट करीन. कोणता डॉक्टर, कोणतं औषध हे मला विचारू नका, मी ते सांगत नाही. भिंतीवरच्या जाहिरातींचे फोटो मात्र पाठवा, कोणत्या बसस्टँडवरचे ते लिहून. महिनाभर गोळा करतो आणि सगळे एकत्र घेऊन एसपी ऑफिसला जातो. सोबत यायचं असेल त्यानं सांगावं. तिथं हसायला कोणी लागलंच, तर कायदा १९५४ चा आहे हे आपण सांगू.